‘सरकारी अहवालानुसार’

मराठीत हल्ली विद्वत्तेचे म्हणून जे लेखन होते, त्यात एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, त्याविषयी कोणास शंका येत नाही. आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे अगत्याचे झाले आहे. ‘सरकारी अहवालानुसार’ हा तो शब्दप्रयोग होय. प्रबंधात तो आढळतो, चर्चासत्रातील निबंधात आढळतो, नियतकालिकांच्या विशेषांकांत तर पानोपानी आढळतो. विधान कितीही मोठे असो, आकडा कितीही धक्कादायक असो, त्यामागे हे दोन शब्द लावले की लेखकाची जबाबदारी संपली, असा सार्वत्रिक समज दिसतो. लेखक फारच काटेकोर असला, तर तो तळटीपेत ‘भारत सरकार, नवी दिल्ली’ एवढी भर घालतो आणि आपले घोडे गंगेत न्हाले असे मानतो. आमचे म्हणणे असे की, हा संदर्भ नव्हे. ही संदर्भाची हुलकावणी आहे. ज्या टिपेच्या आधारे वाचकाला मूळ पान उघडता येत नाही, ती टीप लेखकाच्या पांडित्याची शोभा वाढवीत असेल, पण वाचकाच्या काहीच उपयोगाची नाही.

या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हां परप्रांती नेमणुकीवर असलेल्या मराठी माणसांस इतरांहून थोडा अधिक आहे, असे आम्ही समजतो. महालेखाकाराची कचेरी, जनगणना, भूमापन, लष्करी लेखाखाते अशा ठिकाणी आयुष्य काढणाऱ्या आम्हां लोकांच्या हातूनच ही सरकारी प्रकाशने तयार होतात. त्यांची मुद्रिते आम्ही तपासतो, त्यांची परिशिष्टे आम्ही जुळवितो, आणि कोणता तक्ता कोणत्या कारणाने अखेरच्या क्षणी गाळला गेला हेही आम्हांस ठाऊक असते. आमच्यापैकी कित्येक जण निवृत्तीच्या उंबरठ्यावर पीएच.डी.ची नोंदणी करतात. कित्येकांची मुले-मुली विद्यापीठांतून समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र शिकत असतात. म्हणजे सरकारी कागद लिहिणारेही आम्हीच आणि तो उद्धृत करणारेही आमच्याच घरचे. अशा स्थितीत या विषयाकडे तिऱ्हाइतासारखे पाहणे आम्हांस शोभणारे नाही.

यातील विसंगती तर मोठी मौजेची आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत आमचा मराठी अधिकारी क्रमांकावाचून आणि दिनांकावाचून आलेल्या कागदाला हात लावीत नाही. आवक बारनिशीत ज्याची नोंद नाही, तो कागद त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ‘वरील विषयाच्या संदर्भात’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही; कोणत्या पत्राच्या संदर्भात, त्याचा क्रमांक काय, तारीख काय, सही कोणाची, हे तो आधी विचारतो. आणि तोच गृहस्थ घरी येऊन प्रबंध लिहावयास बसला की, ‘शासनाने नेमलेल्या एका समितीच्या मते’ असे बिनदिक्कत लिहितो! कचेरीत जी शिस्त चार आण्यांच्या टाचणीच्या हिशेबासाठी पाळावयाची, ती ज्ञानाच्या हिशेबाला लागू करू नये, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, सरकार म्हणजे सरकार. त्यात आणखी काय सांगावयाचे? असे म्हणणाऱ्याने एकदा चंदीगडास यावे. एकाच नगरात पंजाबचे सरकार आहे, हरियाणाचे सरकार आहे, आणि या दोहोंहून वेगळे असे केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन आहे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाब पुनर्रचना कायदा अमलात आला तेव्हापासून ही तीन बिऱ्हाडे येथे एकत्र नांदत आहेत. ‘सरकारी मुद्रणालय, चंदीगड, १९६८’ एवढाच संदर्भ ज्याने दिला, त्याने वाचकाला तीन दरवाजांपुढे नेऊन उभे केले आणि किल्ली मात्र खिशात ठेवली.

‘पंजाब सरकार’ असे स्पष्ट लिहिले तरी काम भागत नाही. १९४७ पूर्वीचे पंजाब सरकार म्हणजे लाहोरचे. त्याच्या आकड्यांत रावळपिंडीही आली आणि मुलतानही आले. फाळणीनंतरचा पूर्व पंजाब हा त्याचा एक तुकडा. त्यात पतियाळादी संस्थानांचा पेप्सू नव्हता, तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी येऊन मिळाला. आणि १९६६ नंतरचा पंजाब म्हणजे हरियाणा व डोंगराळ मुलूख वगळून उरलेला. नाव एक आणि प्रदेश चार! जो लेखक ‘पंजाब सरकारच्या आकडेवारीनुसार’ असे लिहून १९३१ चा आकडा १९७१ च्या आकड्याशेजारी मांडतो आणि त्यांतून वाढ वा घट काढतो, तो दोन वेगळ्या शेतांचे पीक एकाच मापाने मोजून पहिल्या शेतकऱ्यास आळशी ठरवीत आहे.

हे परक्याच्या मुलखातील उदाहरण म्हणून कोणी सोडून देऊ नये. ‘मुंबई सरकार’ या आपल्या घरच्या नावाची कथा काही निराळी नाही. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात सिंध होता. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक झाले तेव्हा विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ त्यात आले आणि कानडी जिल्हे त्यातून गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. म्हणजे अवघ्या पाव शतकात या एका नावाखालचा मुलूख वारंवार बदलला. त्या काळच्या शेतीवर वा शिक्षणावर लिहिताना ‘मुंबई सरकारचा अहवाल’ एवढेच सांगणे म्हणजे पत्रावर नुसते ‘मुंबई’ लिहून ते पेटीत टाकण्यासारखे आहे.

कायद्यांचा संदर्भ देणे तरी सोपे असेल, असे वाटण्याचा संभव आहे. कारण कायद्याच्या नावातच वर्ष असते. पण तेथेही पाहावे. या नगराभोवतीच्या पट्ट्यात अनिर्बंध बांधकाम होऊ नये म्हणून पंजाब विधिमंडळाने जो परिघ-नियंत्रण कायदा केला, त्याच्या नावात १९५२ हे वर्ष आहे. पण त्याचा अनुक्रमांक मात्र १९५३ चा पहिला कायदा असा आहे. केवळ एक वर्ष देणारा लेखक वाचकाला दुसऱ्या वर्षाच्या कायदेसंग्रहात भटकावयास लावतो. त्यातून पुढे २०२१ साली हरियाणा विधानसभेने आपल्याकडे लागू असलेल्या अनेक जुन्या कायद्यांच्या नावांतील ‘पंजाब’ हा शब्द काढून तेथे ‘हरियाणा’ घातला. एकच कायदा, एकच कलम, परंतु घग्गरच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरे. अशा कायद्याचा उल्लेख करताना त्याचे मूळ नाव, क्रमांक आणि बदललेले नाव, ही तिन्ही दिली नाहीत, तर वीस वर्षांनी येणारा अभ्यासक हे दोन कायदे होते असे समजेल, आणि त्यांच्यातील साम्य दाखविणारा एक प्रबंधही लिहील!

जनगणनेचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पंजाबातील जातीजमातींवर लिहिणारा प्रत्येक जण डेन्झिल इबेटसनच्या ‘पंजाब कास्ट्स’ या ग्रंथाचा आधार घेतो आणि कंसात १९१६ हे वर्ष घालतो. ग्रंथ लाहोरच्या सरकारी मुद्रणालयातून १९१६ साली निघाला हे खरे. पण इबेटसन १९०८ सालीच वारला होता. ग्रंथ म्हणून जे छापले, ते त्याच्या १८८१ च्या जनगणनेच्या अहवालातील एक प्रकरण होते. तो अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जे चित्र १९१६ चे म्हणून दाखविले जाते, ते वस्तुतः पस्तीस वर्षे आधीचे. मधल्या काळात कालव्यांखाली नव्या वसाहती उठल्या, प्लेगने गावेच्या गावे ओस पाडली, १९०० साली जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यातले काहीच त्या पानांत नाही, आणि असणे शक्यही नव्हते. छापल्याचे वर्ष आणि माहितीचे वर्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्याने ध्यानात घेतले नाही त्याच्या प्रबंधात मेलेली माणसे साक्ष देतात, आणि तीही आपल्या मृत्यूनंतरच्या घटनांविषयी.

१९५१ च्या जनगणनेचा मासला तर असा आहे की, त्यावरून राज्ये घडली आणि मोडली. भाषेचा वाद त्या वेळी पंजाबात इतका चिघळला होता की, हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी या भाषा बोलणाऱ्यांचे तेथील आकडे वेगवेगळे न देता एकत्रच प्रसिद्ध करण्यात आले. तेव्हा ‘१९५१ च्या जनगणनेनुसार पंजाबात पंजाबी भाषकांची संख्या अमुक होती’ असे वाक्य कोठे आढळले, तर ते जनगणनेचे नव्हे एवढे निश्चित समजावे. लेखकाने ते दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले, त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या भाषणातून घेतले, आणि नाव मात्र सरकारचे सांगितले. तक्त्याचा क्रमांक देण्याची सक्ती असती, तर हे असत्य पहिल्याच पावलाला अडखळले असते. तक्ता शोधावयास गेलेल्या माणसाला तेथे एकत्र बेरीज दिसली असती आणि त्याची लेखणी थांबली असती. नेमका संदर्भ वाचकावर तर उपकार करतोच. पण त्याहून मोठा उपकार तो लेखकावर करतो, हे या उदाहरणावरून दिसून येईल.

यानंतर आयोगांचा आणि समित्यांचा प्रश्न येतो. आणि आमच्या मते सर्वांत अधिक घोटाळा येथेच आहे. आपल्याकडे आयोगाला त्याच्या अध्यक्षाच्या नावाने ओळखण्याची रीत पडली आहे. बोलताना ती सोयीची आहे. लिहिताना ती घातक आहे. ‘हंटर’ म्हणजे कोण? शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या मनात १८८२ चा शिक्षण आयोग आणि त्याचे अध्यक्ष विल्यम विल्सन हंटर असतात. पंजाबच्या माणसाला हंटर म्हटले की १९१९ च्या दंग्यांची चौकशी करणारी समिती आठवते. तिचे अध्यक्ष लॉर्ड हंटर हे निराळे गृहस्थ. ‘शहा आयोग’ म्हणावे तर त्याहून कठीण. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी १९६६ साली पंजाबच्या सीमा आखणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भूषविले आणि त्याच गृहस्थांनी १९७७ साली आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी केली. शिवाय गोव्यातील बेकायदा खाणकामाविषयी ज्यांचा अहवाल २०१२ साली गाजला, ते न्यायमूर्ती एम. बी. शहा तिसरेच. गोव्याच्या मराठी माणसाने ‘शहा आयोगाच्या अहवालानुसार’ असे लिहिले आणि ते चंदीगडच्या वाचकाने वाचले, तर एकाला खाण दिसेल आणि दुसऱ्याला सरहद्द!

नावाचा घोटाळा एक वेळ सुधारता येईल. पण ‘कोण बोलले’ याचा घोटाळा अधिक गंभीर आहे. १९६६ च्या मे अखेरीस शहा आयोगाने अहवाल दिला. आयोगाच्या बहुमताने चंदीगडसह खरड तहसील हरियाणाला द्यावी अशी शिफारस केली, एका सदस्याने भिन्न मत नोंदविले, आणि सरकारने यांपैकी काहीच जसेच्या तसे न स्वीकारता चंदीगड केंद्रशासित केले. आता ‘भारत सरकारच्या अहवालानुसार चंदीगड हरियाणाचे आहे’ असे वाक्य कोणी लिहिले, तर त्यात शब्दशः खोटे काय आहे, हे दाखविणे कठीण. आणि तरीही ते वाक्य आरपार खोटे आहे. अहवाल आयोगाचा होता, सरकारचा नव्हता. मत बहुमताचे होते, एकमुखी नव्हते. शिफारस होती, निर्णय नव्हता. या तीन गोष्टी तळटीपेत आल्या नाहीत, तर पांडित्याच्या नावाखाली एका पक्षाची वकिली होते.

आम्हां मराठी माणसांस हे दुःख दुसऱ्याकडून समजावून घेण्याचे कारण नाही. राज्यपुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले होते. १९५६ च्या कायद्याने विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात घातला. बेळगावच्या प्रश्नावर न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने १९६७ च्या ऑगस्टात अहवाल दिला. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत, परंतु बेळगाव म्हैसुरातच राहावे, असे सुचविले होते. महाराष्ट्राने तो अमान्य केला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आज कर्नाटकातील लेखक ‘सरकारी अहवालाने हा प्रश्न निकालात काढला’ असे लिहितो, तेव्हा आमचे रक्त तापते. शिफारस आणि निर्णय यांतला भेद आम्ही त्यास तावातावाने समजावून सांगतो. मग पंजाब-हरियाणाच्या वादावर लिहिताना तोच भेद आमच्या लेखणीला का आठवू नये? आपल्या सरहद्दीवर जे तारतम्य आम्ही मागतो, ते दुसऱ्याच्या सरहद्दीवर देण्यास आम्ही बांधलेले आहोत. ज्याच्या गावी आम्ही पाहुणे म्हणून राहतो, त्याच्या कागदांशी तरी बेपर्वाईने वागू नये.

१९२० सालच्या हंटर समितीचा दाखला याच संदर्भात देण्याजोगा आहे. जालियनवाला बागेविषयी लिहिताना ‘हंटर अहवालानुसार’ असे म्हणण्याची चाल आहे. पण त्या अहवालात दोन अहवाल आहेत: एक बहुमताचा आणि दुसरा चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण व सुलतान अहमद खान या तीन हिंदी सदस्यांचा. लष्करी कायदा पुकारणे योग्य होते असे बहुमताने म्हटले. हिंदी सदस्यांस ते मान्य नव्हते. त्याच वर्षी काँग्रेसने नेमलेल्या उपसमितीचा स्वतंत्र अहवाल निघाला, आणि त्यावर गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत मुंबईचे मुकुंदराव जयकर यांची सही आहे. मृतांचा ३७९ हा जो आकडा ‘सरकारी’ म्हणून उद्धृत होतो, तोही मुळात सेवा समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून जमविलेल्या माहितीवर आधारलेला. सरकारी पुस्तकात छापलेली प्रत्येक गोष्ट सरकारने पाहिलेली नसते, सरकारने मोजलेली नसते आणि सरकारला पटलेलीही नसते. तिच्यात कोणाचा आवाज आहे, हे शोधणे हेच तर अभ्यासकाचे काम!

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला आक्षेप सश्रद्धांचा. सरकारी प्रकाशन हे स्वयंसिद्ध प्रमाण आहे, त्याची इतकी उलटतपासणी कशाला, असे ते म्हणतात. दुसरा आक्षेप अश्रद्धांचा. सरकार खोटेच बोलते, तेव्हा त्याचा खोटेपणा कोणत्या पानावर आहे याची चिकित्सा कशाला, असे हे म्हणतात. वरकरणी ही दोन टोके दिसतात. पण दोघांचे वागणे एकच आहे: मूळ पुस्तक उघडावयाचे नाही. एक हात जोडतो, दुसरा नाक मुरडतो, आणि दोघेही ग्रंथालयाच्या दारावरून परत जातात. सरकारवर विश्वास ठेवणाऱ्याने पान सांगितले पाहिजे, म्हणजे त्याचा विश्वास तपासता येईल. आणि अविश्वास बाळगणाऱ्याने तर दुप्पट काटेकोरपणे सांगितले पाहिजे, कारण आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

तिसरा आक्षेप विद्यापीठीय मार्गदर्शकांचा. त्यांच्या मते हा प्रश्न अमेरिकन संदर्भपद्धतींनी केव्हाच सोडविला आहे. त्यांचे नियम पाळले की झाले. या पद्धतींशी आमचे वैर नाही. परंतु आम्ही पाहतो ते असे की, स्वल्पविराम कोठे द्यावा आणि ग्रंथनाम तिरपे छापावे की नाही, यावर विद्यार्थ्यास चार चार वेळा प्रकरण परत करणारे मार्गदर्शक ‘भारत सरकार, २०११’ ही टीप मात्र डोळे मिटून पुढे जाऊ देतात. २०११ च्या जनगणनेची प्रकाशने शेकड्यांनी मोजावी लागतील. त्यांतले कोणते? हंगामी आकड्यांचे की अंतिम? जिल्हा पुस्तिका की भाषेचा तक्ता? टिळा ठसठशीत आहे, स्नान मात्र झालेले नाही, असा हा प्रकार आहे. चिन्हे कोणतीही वापरा, माहिती द्या.

वास्तविक ही शिस्त परदेशांतून आणण्याचे आपणांस कारणच नाही. जुन्या मराठी दफ्तरात मिती नाही, ठिकाण नाही आणि मोर्तब नाही असा कागद कारकुनाने रुजू करून घेतला नसता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा. अस्सल पत्रावाचून इतिहासात एक अक्षर लिहू नये, हा त्यांचा बाणा होता, आणि त्यासाठी ते गावोगाव वणवण हिंडले. पुढे दीर्घकाळ बंद राहिलेले पेशवे दफ्तर उघडले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. हे खंड मुंबई सरकारने छापले. म्हणजे तीही सरकारी प्रकाशनेच. परंतु त्यांचा आधार घेणारा चांगला संशोधक कधी ‘मुंबई सरकार, १९३०’ असे लिहीत नाही. तो खंडाचा क्रमांक देतो, पत्राचा क्रमांक देतो, आणि पत्रावरील मूळ मिती कोणती व संपादकाने बसविलेली इंग्रजी तारीख कोणती, हा भेदही राखतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्राला जो मान आपण देतो, तो वीस वर्षांपूर्वीच्या अहवालाला देण्यास कोणती हरकत आहे?

चंदीगडहून दिल्लीस जाताना वाटेत पानिपत लागते. तेथील रणभूमी पाहून आलेले आमचे मित्र उत्साहाने लेख लिहितात आणि ‘कर्नाल गॅझेटिअर’चा हवाला देतात. कोणत्या? इंग्रजांनी १८८३-८४ चे म्हणून काढलेल्या, की हरियाणा सरकारने १९७६ साली काढलेल्या? पानिपत तेव्हा कर्नाल जिल्ह्यात होते. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. पुण्याचीही तीच गत: कॅम्बेलच्या देखरेखीखाली १८८५ साली निघालेले गॅझेटिअर वेगळे आणि १९५४ चे सुधारलेले गॅझेटिअर वेगळे. शिवाय ‘कॅम्बेल म्हणतो’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हेही पाहावे की, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात, १८९६ साली, दक्षिणेचा प्राचीन इतिहास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी लिहिला आहे आणि कानडी जिल्ह्यांतील राजवंशांचा इतिहास फ्लीटने. भांडारकरांची विद्वत्ता कॅम्बेलच्या नावावर जमा करणे, हा हिशेबातील अपहार आहे. लेखापरीक्षकांच्या या मंडळीत त्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या बाजूसही चार शब्द सुनावले पाहिजेत. लेखकांनी संदर्भ नीट द्यावा असे म्हणताना, तो देता यावा असे पुस्तक कचेऱ्यांनी काढले पाहिजे. कित्येक अहवालांवर प्रकाशनाचा दिनांक नसतो. मसुदा कोणता आणि अखेरची प्रत कोणती हे मुखपृष्ठावरून कळत नाही. समितीच्या सदस्यांची नावे सापडली तर परिशिष्टात सापडतात. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार ग्रंथांच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांकडे जावयास हव्यात, आणि सरकारी प्रकाशनांसही तो लागू आहे. मात्र ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असलेल्या पुस्तकांना त्यातून सूट आहे. ही सूट म्हणजे कचेऱ्यांना सापडलेली पळवाट. ज्या आकडेवारीवर धोरण ठरते, तीवर हा शिक्का उठविला की ती जनतेच्या ग्रंथालयात कधी पोहोचत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य कचेऱ्यांवर घातले आहे. त्याच्या भावनेशी या शिक्क्याचा मेळ बसत नाही.

हल्ली छपाईच मागे पडत चालली आहे. केंद्र सरकारने २०१७ साली आपली सतरा मुद्रणालये पाचांत एकत्र करण्याचे ठरविले. अहवाल आता संकेतस्थळावर येतात. संकेतस्थळाची रचना बदलली की त्यांचा पत्ता बदलतो, आणि कधी एकाच नावाची धारिका गुपचूप नव्या धारिकेने बदलली जाते. कागदाच्या पुस्तकातली चूक शुद्धिपत्राने तरी कबूल होत असे. येथे शुद्धिपत्रही नाही आणि पुसलेल्या पानाचा मागमूसही नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांखाली आता प्रत्येकाचा स्वतंत्र संकेतांक छापलेला असतो. ही एक गोष्ट तरी इतर सरकारांनी अवश्य उचलावी. संकेतांक असला म्हणजे पत्ता बदलला तरी माणूस हरवत नाही.

मग करावे काय? आमची मागणी मोठी नाही. सरकारी प्रकाशनाचा आधार घेणाऱ्याने सात गोष्टी सांगाव्यात. कोणते सरकार, कोणते खाते वा आयोग, आणि मत भिन्न असल्यास ते कोणाचे. मुखपृष्ठावर छापलेले पूर्ण नाव. खंड, भाग व तक्ता. माहिती कोणत्या वर्षाची आणि पुस्तक कोणत्या वर्षाचे. कागदाचा दर्जा काय, म्हणजे मसुदा, शिफारस, स्वीकृत निर्णय की कायदा. कोणती आवृत्ती आणि मूळ की भाषांतर. आणि प्रत कोठे पाहिली, संकेतस्थळावर पाहिली असल्यास कोणत्या दिवशी. पृष्ठाबरोबर परिच्छेदाचा क्रमांकही द्यावा. सरकारी अहवालांत परिच्छेदांस क्रमांक घालण्याची जी जुनी रीत आहे, ती शोभेसाठी नाही. पुनर्मुद्रणात पान बदलते, परिच्छेद बदलत नाही. भाषांतराचा उल्लेखही क्षुल्लक समजू नये. राज्याचा कायदा मराठीत झाला तरी राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी पाठ घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार अधिकृत मानला जातो. तेव्हा आपण कोणता पाठ वाचला, हे सांगणे भागच आहे. आणि जे पुस्तक स्वतः पाहिले नाही, त्याचा उल्लेख ज्याच्या ग्रंथातून घेतला त्याच्या नावानिशी करावा. एवढे करण्यास प्रतिभा लागत नाही. लागते ती फक्त बारनिशी-कारकुनाची सचोटी.

हा प्रश्न टिपांच्या टापटिपीचा नाही. लोकशाहीत सरकार लोकांना जे सांगते, ते लोकांनी त्याला पुन्हा दाखविता आले पाहिजे. ‘तुम्ही अमुक वर्षी, अमुक परिच्छेदात, असे म्हटले होते’ असे बोट ठेवून सांगणारा नागरिक सरकारला जड जातो. ‘तुम्ही काहीतरी म्हटले होते’ असे म्हणणाऱ्याला शिपाईसुद्धा दारातून परत पाठवितो. ‘सरकारी अहवालानुसार’ हे शब्द सरकारला कशालाच बांधून ठेवीत नाहीत. म्हणूनच ते सरकारला कधी खुपले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर क्रमांक आणि दिनांक यांच्या बळावर राज्ययंत्र चालविले, त्या मराठी अधिकाऱ्यांनी ही विद्या कचेरीच्या कुलपात ठेवून घरी जाऊ नये. ती प्रबंधात आणावी, नियतकालिकांत आणावी, आपल्या मुलांच्या वह्यांत आणावी. आणि यापुढे असे बिनतारखेचे, बिनक्रमांकाचे विधान कोणाच्याही लेखणीतून पुढे आले, मग तो कितीही मोठा विद्वान असो, तर कचेरीतल्या कागदाप्रमाणेच त्यावर निर्भयपणे शेरा मारावा: संदर्भ अपूर्ण, सबब परत.